बाही वर करण्याआधी

ग्लासगोच्या रुग्णालयांत १९९३-९४ च्या हिवाळ्यात एक साधीच पाहणी झाली. ५१८ आरोग्य कर्मचाऱ्यांचं रक्त फ्लूच्या हंगामाआधी एकदा आणि हंगाम सरल्यावर पुन्हा एकदा तपासलं गेलं. त्या वर्षीची साथ सौम्य होती. तरीही १२० जणांच्या, म्हणजे शंभरातल्या तेवीस जणांच्या रक्तात फ्लू होऊन गेल्याची खूण सापडली. या १२० जणांना विचारलं, यंदा फ्लू झाला होता का? त्यातल्या ७१ जणांना तसं काही आठवेना. ३३ जण तर म्हणाले, आम्हाला साधं पडसंसुद्धा झालं नाही. १९९६ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये हे छापून आलं. या पुस्तिकेचा विषय थोडक्यात कुणाला सांगायचा झाला, तर मी हे तीन आकडे सांगतो.

दर वर्षी नव्या बॅचपुढे हे आकडे फळ्यावर लिहिले, की कुणीतरी हमखास विचारतं, ‘सर, लक्षणंच नसतील तर दुसऱ्याला लागण कशी होणार?’ प्रश्न रास्त आहे. ज्याला खोकला नाही, शिंका नाहीत, तो विषाणू कमी पसरवतो हे खरं. पण फ्लूचा विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत एक ते चार दिवस जातात, आणि लक्षणं दिसण्याच्या साधारण एक दिवस आधीपासून माणूस विषाणू सोडू लागतो. पुढे पाच-सात दिवस ते चालू राहतं. म्हणजे सकाळी ठणठणीत असलेली इंटर्न राउंडच्या आधी बारा खाटांवरची रक्तं काढते, प्रत्येक रोग्याच्या तोंडाशी वाकते, संध्याकाळी तिचं अंग मोडून येतं आणि रात्री ताप चढतो. ते बारा रोगी तिला भेटून गेलेले असतात. शिवाय आठवत नाही याचा अर्थ काही झालंच नाही असा नव्हे. जराशी कणकण, घसा खवखवतोय, एक क्रोसिन घेतली आणि ड्यूटीला गेलो. असलं दुखणं अंगावर काढायची आपल्या क्षेत्रात इतकी सवय आहे, की ते आजार म्हणून लक्षातही राहत नाही.

रोगाची वाट एकाच दिशेने जाते असं आपल्या मनात पक्कं बसलेलं आहे: रोग्याकडून सेवा करणाऱ्याकडे. १८९७ साली पुण्यात प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले यांना त्याच रोगाने गाठलं आणि १० मार्चला त्या गेल्या, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. कोविडमध्ये डॉक्टर, परिचारिका, सफाई कामगार गेले, तेव्हाही आपण हात जोडले. त्या आदराबद्दल तक्रार नाही. पण त्या आदराखाली दुसरी वाट झाकली जाते. सेवा करणाऱ्याकडूनही रोग्याला रोग लागतो, हे म्हणायला जीभ रेटत नाही. ॲप्रन घातलेल्या माणसाने आपल्याला दुखणं दिलं असेल, अशी शंका खाटेवरच्या माणसाला सहसा येत नाही, आणि आली तरी तो बोलत नाही. आरोग्य कर्मचाऱ्यांच्या फ्लूच्या लसीचा प्रश्न माझ्या मते इथेच अडकला आहे. लस घ्या, तुमचं भलं होईल, असं आपण त्यांना सांगत बसतो. ते म्हणतात, आम्ही धडधाकट आहोत, आमचं आम्ही बघू. आणि स्वतःपुरतं पाहिलं तर त्यांचं फारसं चुकतही नाही. विशीतला निरोगी मुलगा फ्लूने चार दिवस आडवा होतो आणि पाचव्या दिवशी कँटीनमध्ये दिसतो. त्याने लस घ्यायची ती मुख्यतः खाटेवरच्या माणसासाठी.

आणि खाटेवर कोण असतं? सहा महिन्यांच्या आतलं बाळ, ज्याला फ्लूची लस देताच येत नाही. त्याच्या बाजूने कुणी काही करू शकत असेल तर ती आई आणि त्याला हाताळणारी माणसं. डायलिसिसवरचे आजोबा, केमोथेरपी चालू असलेली बाई, दम्याचा जुना रोगी, सातव्या महिन्यातली गरोदर स्त्री. यांच्यात फ्लू चार दिवसांत आटोपत नाही. न्यूमोनिया होतो, ऑक्सिजन लागतो, कधी व्हेंटिलेटर. लस दिली तरी यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या शरीरात ती पुरेशी काम करत नाही, कारण प्रतिकारशक्तीच थकलेली असते. ज्यांना लसीची सर्वांत जास्त गरज, त्यांनाच ती सर्वांत कमी लागू पडते. म्हणून त्यांच्या भोवतालच्या माणसांकडे वळावं लागतं.

आपल्याकडे फ्लूला फ्लू म्हणण्याची पद्धतच नाही. ‘व्हायरल आहे’ या दोन शब्दांत पावसाळ्यातला अर्धा बाह्यरुग्ण विभाग मावतो. तपासणी महाग, उपचार बहुतेकदा सारखेच, मग नाव शोधण्यात वेळ कोण घालवणार? एका अर्थी ते व्यवहार्यच आहे. पण त्यामुळे फ्लू या रोगाचं वजन कुणाला कळत नाही. ‘स्वाइन फ्लू’ म्हटलं की लोक दचकतात आणि ‘साधा फ्लू’ म्हटलं की हसतात. खरं तर २००९ मध्ये आलेला एच१एन१ विषाणू साथ ओसरल्यावर आपल्यातच राहिला आणि आता तो दर वर्षीच्या साध्या फ्लूपैकीच एक आहे. २०१५ साली भारतात त्याच्या ४२,५९२ रोग्यांची आणि २,९९० मृत्यूंची नोंद झाली. ही नोंद फक्त तपासणी झालेल्यांची.

या रोगाशी मुंबईची ओळख फार जुनी आणि फार भीषण आहे. १९१८ च्या जूनमध्ये मुंबईच्या गोदीवर पहाऱ्याला असलेले पोलीस शिपाई तापाने पडू लागले. पावसाळ्यातली ती पहिली लाट त्या मानाने हलकी गेली. सप्टेंबरात दुसरी आली. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी मुंबईत ७६८ माणसं मेली. देशभरात किती गेली याचे अंदाज वेगवेगळे आहेत, पण बहुतेक अंदाज एक कोटीच्या वरचे आहेत. त्या वेळी फ्लू विषाणूने होतो हेच माहीत नव्हतं. माणसाच्या फ्लूचा विषाणू वेगळा काढता आला तो १९३३ साली लंडनमध्ये, तोही फेरेट नावाच्या मुंगसासारख्या प्राण्यामुळे. प्रयोगासाठी आजारी पाडलेला एक फेरेट विल्सन स्मिथ या संशोधकाच्या तोंडावर शिंकला आणि दोन दिवसांत स्मिथसाहेब फ्लूने पडले. त्यांच्या घशातून काढलेल्या विषाणूवर पुढे कित्येक वर्षं जगभर प्रयोग झाले.

पुण्याची गोष्ट जरा थांबून सांगायला हवी, कारण ही पुस्तिका वाचणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी बहुतेक तेव्हा बालवाडीत होते किंवा जन्मलेच नव्हते. ३ ऑगस्ट २००९ रोजी स्वाइन फ्लूच्या साथीतला देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला. पुढच्या आठवडाभरात शहराचा रंगच पालटला. शाळा, कॉलेजं, चित्रपटगृहं बंद. महापालिकेचं नायडू रुग्णालय एरवी पुणेकरांना नावापुरतं ठाऊक. तिथे घशाचा नमुना देण्यासाठी रांगा लागल्या. नमुने तपासायला कॅम्पातल्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत जायचे, हे रिक्षावाल्यांनाही पाठ झालं. ही संस्था १९५२ पासून पुण्यात आहे. तोवर तिच्या फाटकावरून रोज जाणाऱ्यांनाही आत काय चालतं याची फिकीर नव्हती. दुचाकीवरच्या पुणेरी मुली उन्हाधुळीसाठी तोंडाला ओढणी गुंडाळतातच. त्या ऑगस्टात पुरुषही रुमाल बांधून फिरू लागले. एन-९५ हा शब्द पुण्याने कोविडच्या अकरा वर्षं आधी शिकला, आणि तो मास्क काळ्या बाजारात विकत घ्यायलाही तेव्हाच शिकला.

एवढी भीती बसलेल्या शहरात आणि देशात लस आल्यावर काय व्हायला हवं होतं? २०१० मध्ये केंद्र सरकारने आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी परदेशातून लस आणवली. त्याच वर्षी भारतीय कंपन्यांच्याही लसी आल्या. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची तर नाकात फवारायची, सुईशिवायची होती. आणि ज्यांच्यासाठी लस आणली, त्या डॉक्टर-परिचारिकांमधलेच कितीतरी जण ती घ्यायला पुढे आले नाहीत. साथ ओसरत होती, लस नवी होती, ‘आधी कुणाला तरी देऊन बघा’ अशी भाषा होती. ओपीडीत दिवसभर लोकांना लसीचं महत्त्व सांगायचं आणि आपली पाळी आली की रजिस्टरमध्ये ‘नंतर’ असं लिहायचं. हा विरोधाभास एकट्या महाराष्ट्राचा नाही, तो जगभर आहे. पण आपण तो जवळून पाहिला आहे. पुढे २०१५ च्या साथीनंतर महाराष्ट्र शासनाने गरोदर स्त्रियांसारख्या जोखमीच्या गटांना सरकारी रुग्णालयांत ही लस मोफत द्यायला सुरुवात केली, हे मात्र इतर राज्यांच्या पुढचं पाऊल होतं. राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात फ्लूची लस आजही नाही.

आता वेळापत्रकाचा भाग. इथे पुस्तकी ज्ञान माणसाला सरळ चुकवतं. आपली बहुतेक पाठ्यपुस्तकं ज्या देशांतून येतात, तिथे फ्लू हिवाळ्यात येतो आणि लस ऑक्टोबरात घेतात. आपल्याकडे श्रीनगर सोडलं, तिथे जानेवारी ते मार्च हा जोराचा काळ, तर देशाच्या मोठ्या भागात फ्लूचा भर पावसाळ्यात असतो: जून ते सप्टेंबर. चेन्नईकडे तो ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पावसाबरोबर येतो. लस घेतल्यावर संरक्षण तयार व्हायला दोन आठवडे लागतात आणि काही महिन्यांनी ते ओसरू लागतं. पुण्या-नागपुरातल्या विद्यार्थ्याने ऑक्टोबरात लस घेतली, तर जुलैच्या गर्दीत त्याच्या शरीरात तिचा जोर फारसा उरलेला नसतो. आपल्यासाठी योग्य काळ एप्रिल-मेचा, फार तर जूनचा पहिला आठवडा. म्हणजे नेमका परीक्षांचा, सुट्ट्यांचा, बदल्यांचा आणि लग्नसराईचा. रुग्णालयाच्या वर्षातला सर्वांत विस्कळीत काळ.

दर वर्षी नवी लस का, हा प्रश्नही विद्यार्थी विचारतात आणि त्यात थोडा संशय असतो: कंपन्यांचा धंदा तर नाही? धंदा आहेच, कुठल्या औषधात नसतो? पण कारण विषाणूत आहे. फ्लूचा विषाणू आपल्या पृष्ठभागावरची प्रथिनं थोडी थोडी बदलत राहतो. जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरात दक्षिण गोलार्धासाठी, जगभरच्या प्रयोगशाळांनी पाठवलेले नमुने पाहून पुढच्या हंगामात कोणते प्रकार फिरतील याचा अंदाज बांधते. पुण्याची विषाणू संस्था त्या जाळ्यातली भारताची राष्ट्रीय फ्लू प्रयोगशाळा आहे. निवड झाल्यापासून लस बाजारात यायला साधारण सहा महिने जातात, कारण बहुतेक लस अजूनही कोंबडीच्या फलित अंड्यांत विषाणू वाढवून बनते. या सहा महिन्यांत विषाणूने कूस बदलली तर अंदाज फसतो. कधी चांगलीही बातमी असते: फ्लू-बी विषाणूची ‘यामागाता’ ही शाखा मार्च २०२० नंतर जगात कुठे खात्रीने सापडलेली नाही. कोविडच्या टाळेबंदीत ती बहुधा संपली, आणि चार प्रकारांच्या लसी आता पुन्हा तीन प्रकारांच्या होत आहेत. लस घेताना खोक्यावर ‘दक्षिण गोलार्ध’ आणि चालू वर्ष आहे ना, एवढं पाहावं. आपल्या पावसाळ्याला बहुधा तीच जुळते.

लस किती काम करते? जुळणी चांगली असेल त्या वर्षी, डॉक्टरकडे जाण्याइतका फ्लू होण्याची शक्यता ती ४० ते ६० टक्क्यांनी कमी करते. गोवराच्या लसीची सवय असलेल्या माणसाला हा आकडा कमी वाटतो, आणि तो कमी आहेच. वाईट वर्षंही येतात. २०१४-१५ च्या हंगामात अमेरिकेत जुळणी बिघडली आणि एकूण परिणामकारकता १९ टक्क्यांवर आली. हे आकडे विद्यार्थ्यांपासून लपवून ठेवण्याचा एक मतप्रवाह आमच्या क्षेत्रात आहे. ‘उगाच गोंधळ नको’ म्हणतात. मला तो मान्य नाही. उद्या ज्याला रोग्यांपुढे उभं राहून हे समजावायचं आहे, त्याला आज अर्धवट सांगितलं तर तो पहिल्याच तिरकस प्रश्नाला अडखळेल.

त्याहून अवघड प्रश्न पुढचा आहे. कर्मचाऱ्याने लस घेतली तर रोगी खरंच वाचतो का? याचा सर्वांत गाजलेला पुरावा पुन्हा ग्लासगोचाच. वृद्धांच्या दीर्घकालीन शुश्रूषेच्या रुग्णालयांत १९९६-९७ च्या हिवाळ्यात काही ठिकाणी कर्मचाऱ्यांना लस देऊ केली, काही ठिकाणी नाही. जिथे दिली तिथे १३.६ टक्के रोगी दगावले, जिथे नाही तिथे २२.४ टक्के. २००० साली ‘लॅन्सेट’मध्ये हा निबंध आला आणि धोरणं बदलली. पण त्याच निबंधात एक अडचण होती: तपासणीत सिद्ध झालेल्या फ्लूचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखंच निघालं. मग मृत्यू कशाने कमी झाले? नंतरच्या काही अभ्यासांतही फायदा दिसला, तरी कॉक्रेन समूहाच्या समीक्षकांनी सगळे अभ्यास तपासून सांगितलं, की पुरावा पुरेसा भक्कम नाही. २०१७ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी गणित मांडून दाखवलं, की हे अभ्यास खरे मानले तर लसीने होणं शक्य असलेल्या फायद्यापेक्षा जास्त फायदा मानावा लागतो.

मी या वादाकडे असं पाहतो. ग्लासगोचा मृत्यूचा आकडा घोषणेसारखा वापरू नये. पण कर्मचाऱ्यांना फ्लू होतो, बऱ्याचदा नकळत होतो, लस तो कमी करते, आणि फ्लू वॉर्डात पसरतो, या चार गोष्टींबद्दल कुणाचा वाद नाही. वाद आहे तो फायदा किती, याबद्दल. अर्ध्या मिलिलिटरचं एक इंजेक्शन, एक-दोन दिवस दुखणारा दंड, आणि त्या बदल्यात खाटेवरच्या माणसाची जोखीम काही अंशी तरी कमी होणं, एवढ्यावर मी बाही वर करायला तयार आहे. ज्यांना याहून मोठी हमी हवी, त्यांना ती आज कुणी देऊ शकत नाही. आणि लस घेतली म्हणून मास्क, हात धुणं, आजारी असताना घरी थांबणं यातलं काही सुटत नाही. मला तर वाटतं, शेवटचं कलम लसीइतकंच महत्त्वाचं आहे आणि आपल्या रुग्णालयांत ते कागदावरही नाही.

सक्तीचा प्रश्न परदेशात कोर्टकचेऱ्यांपर्यंत गेला. सिएटलच्या व्हर्जिनिया मेसन रुग्णालयाने २००५ मध्ये नोकरीची अट म्हणून फ्लूची लस सक्तीची केली. निम्म्याच्या आसपास असलेलं प्रमाण ९७ टक्क्यांच्या वर गेलं, आणि परिचारिकांच्या संघटनेने दावाही लावला. कॅनडातल्या ओंटारियोत काही रुग्णालयांनी ‘लस घ्या नाहीतर पूर्ण हंगाम मास्क घाला’ असा नियम केला. २०१५ आणि २०१८ मध्ये लवादांनी तो पुरेशा पुराव्याअभावी रद्द केला. इंग्लंडने सक्ती केली नाही, आर्जवं केली. तिथे २०२०-२१ मध्ये आघाडीवरच्या कर्मचाऱ्यांपैकी तीन-चतुर्थांशांनी लस घेतली होती, पण तीन वर्षांत ते प्रमाण निम्म्याच्या खाली घसरलं. कोविडच्या लसींनंतर आलेला कंटाळा हे एक कारण सांगतात. आपल्याकडे १६ जानेवारी २०२१ ला कोविड लसीकरण सुरू झालं ते आरोग्य कर्मचाऱ्यांपासूनच. तो कंटाळा इथेही आहे. मात्र महाराष्ट्रात आज सक्तीची चर्चा करणं म्हणजे घोड्यापुढे गाडी. आधी लस दारात तर येऊ दे.

ती दारात आली की काय होतं, ते मी एका सरकारी रुग्णालयात पाहिलं आहे. मे महिन्याचा शेवट, ओपीडीच्या वरच्या मजल्यावरची खोली, पंखा फिरतोय पण वारा नाही. टेबलावर लसीचा निळा डबा, आत बर्फाचे पॅक, झाकणाला चिकटवलेला थर्मामीटर; लस दोन ते आठ अंशांतच राहिली पाहिजे. सिस्टरांनी भरलेली सिरिंज उचलून हलवली, टोपण काढलं, समोरच्या प्राध्यापकांना म्हणाल्या, ‘सर, हात सैल सोडा.’ यादीप्रमाणे माणसं येत होती. डॉक्टर, अधिपरिचारिका, प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ. दुपारकडे रांग संपली, डबा अर्धा भरलेला. दाराशी एक वॉर्डातल्या मावशी बराच वेळ उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, ‘सिस्टर, आमचं नाव आहे का त्यात?’ नव्हतं. त्या कंत्राटी होत्या. त्यांचं नाव कंत्राटदाराच्या यादीत, रुग्णालयाच्या नाही. बेडपॅन देणं, चादरी बदलणं, म्हाताऱ्यांना कुशीवर वळवणं, भरवणं हे सगळं काम त्यांचं आणि वॉर्डातल्या मामांचं. रोग्याच्या श्वासाच्या इतकं जवळ दिवसभर दुसरं कुणी नसतं. सिस्टरांनी मेट्रनकडे फोन केला, मेट्रननी अधीक्षकांकडे. परवानगी मिळेस्तोवर मावशींची ड्यूटी संपली होती, मुलीला घ्यायला जायचं होतं. त्या निघून गेल्या.

त्या यादीत विद्यार्थीही नव्हते. विद्यार्थी हे रुग्णालयातलं विचित्र प्रकरण आहे. पगारपत्रकावर नाहीत, म्हणून कर्मचारी नव्हेत. आणि वॉर्डात मात्र सर्वांच्या आधी हजर. परिचर्येच्या मुली तर पहिल्या वर्षापासून रोग्याला अंघोळ घालतात, तापाचे तक्ते भरतात. वैद्यकीय विद्यार्थ्यांचा अख्खा घोळका एकाच छातीवर आळीपाळीने स्टेथोस्कोप लावतो. रात्री हेच सगळे वसतिगृहात एका खोलीत तिघे-चौघे झोपतात, एकाच मेसमध्ये जेवतात. फ्लूला याहून सोयीची जागा शोधून सापडणार नाही. ताप आला तर? हजेरीची अट डोक्यावर, पोस्टिंग पुन्हा करावं लागेल ही भीती, आणि ‘एवढ्याशा तापाला घरी बसलास?’ म्हणणारे वरिष्ठ. आजारी विद्यार्थ्याला वॉर्डाबाहेर ठेवण्याऐवजी आपण त्याला वॉर्डात यायला भाग पाडतो. हिपॅटायटिस-बीच्या लसीबद्दल निदान विचारणा तरी होते, कारण सुई टोचली तर धोका विद्यार्थ्याला असतो. फ्लूत धोका मुख्यतः रोग्याला, म्हणून विचारणाही नाही. खासगी दुकानात ही लस साधारण दीड-दोन हजारांना पडते. इंटर्नच्या विद्यावेतनातून, किंवा शैक्षणिक कर्ज काढून आलेल्या मुलीने ती स्वतः विकत घ्यावी अशी अपेक्षा करणं मला शोभत नाही.

लस न घेण्याची कारणं सांगणाऱ्यांना मी वेड्यात काढत नाही. ‘लस घेतली आणि मलाच फ्लू झाला’ हे अनेकांनी प्रामाणिकपणे अनुभवलेलं असतं. इंजेक्शनची लस मृत विषाणूची असते, तिच्याने फ्लू होत नाही. पण पावसाळ्याच्या तोंडावर इतर दहा विषाणू फिरत असतात आणि त्यातला एखादा त्याच आठवड्यात गाठतो. निम्म्यांना लस आणि निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी टोचून पाहिलं, तेव्हा प्रौढांत ताप, अंगदुखी दोन्हीकडे सारखीच निघाली. फरक फक्त दंड दुखण्यात होता. अंड्याची ॲलर्जी हा आता मोठा अडसर मानला जात नाही. गियाँ-बारे या मज्जातंतूंच्या आजाराची भीती मात्र हवेतली नाही. अमेरिकेत १९७६ साली फोर्ट डिक्स या लष्करी तळावर एक नवा फ्लू सापडला, घाईने चार कोटींहून जास्त लोकांना लस दिली गेली, अपेक्षित साथ आलीच नाही, आणि दर लाखामागे सुमारे एकाला हा आजार जास्तीचा झाला. मोहीम थांबवावी लागली. त्यानंतरच्या लसींवर त्या दृष्टीने सतत नजर ठेवली जाते. आढळला तर धोका दहा लाखांत एक-दोन इतका. हा आजार पूर्वी होऊन गेला असेल त्याने लस घेण्याआधी डॉक्टरांशी जरूर बोलावं. पुण्यात २०२५ च्या सुरुवातीला या आजाराचे रोगी एकदम वाढले, ते दूषित पाण्यातल्या जंतूंशी जोडले गेले. त्याचा फ्लूच्या लसीशी संबंध नव्हता. तरीही त्या बातम्यांनंतर लसीबद्दल विचारणारे विद्यार्थी आले, आणि त्यांनी विचारलं हे बरंच झालं.

पुढच्या पानांत लसीचे प्रकार, कुणी घेऊ नये, साठवण, नोंदी आणि नेहमी विचारले जाणारे प्रश्न आले आहेत. ही पानं परीक्षेच्या दृष्टीने वाचू नका, त्यावर प्रश्न येण्याची शक्यता कमीच. वाचून झाल्यावर एक काम करा. एप्रिल उजाडला की तुमच्या कॉलेजात फ्लूची लस कोणत्या तारखेला, कोणत्या खोलीत, कुणाच्या खर्चाने मिळणार, हे अधिष्ठात्यांना किंवा प्राचार्यांना लेखी विचारा. वर्गातल्या सर्वांच्या सह्या घ्या. आणि त्या अर्जात तुमच्या वॉर्डातल्या कंत्राटी मावशींची आणि मामांचीही नावं घाला.